दावा कुळाच्या तालुक्यात

१८७० च्या सुमारास पळसदेवच्या एखाद्या कुणब्यावर सावकाराने दावा लावला, तर त्याची हकीकत बहुधा तीन कागदांत संपत असे. पहिला कागद खताचा. त्यावर कुणब्याची निशाणी असे, बहुतेकदा नांगराची. दुसरा समन्सचा, तो घरी पोचला तर पोचला. तिसरा एकतर्फी हुकूमनाम्याचा. कुणब्याचे स्वतःचे म्हणणे या तिन्हींपैकी एकाही कागदावर नसे.

पळसदेव हे इंदापूर तालुक्यातले भीमाकाठचे गाव. आज पुणे-सोलापूर रस्त्यावर जे पळसदेव लागते, ते पुनर्वसित. जुने गाव उजनी धरणाच्या जलाशयात गेले. १९८० च्या जूनमध्ये धरण पूर्ण झाले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाच्या देवळाचे शिखर आणि जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात आणि माणसे होडीने किंवा चिखलातून ते बघायला जातात. पण या लेखाचा विषय त्या बुडालेल्या शिवाराच्या शंभर वर्षे आधीचा आहे. तेव्हा ही जमीन पाण्याखाली नव्हती, कर्जाखाली होती, आणि ती कर्जाखालून सुटणार की जाणार याचा निकाल कोणत्या कचेरीत लागणार हा तिच्या मालकासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

दावा कुठे चालवायचा हा प्रश्न कोरडा वाटतो. कायद्याच्या पुस्तकात तो सुरुवातीच्या काही कलमांत उरकलेला असतो. इंदापूर-बारामतीकडच्या शेतकऱ्याला मात्र त्याचा अर्थ अंगावर कळत होता. १८५९ च्या दिवाणी कामकाजाच्या कायद्याने फिर्यादीला दोन दारे दिली होती: प्रतिवादी राहतो तिथले कोर्ट, किंवा दाव्याचे कारण जिथे घडले तिथले कोर्ट. निवड फिर्यादीची. खत लिहून घेताना पैसे कुठे फेडायचे हेही सावकारच लिहून घेई, म्हणजे दाव्याचे कारण कुठे घडेल हे ठरवणेही बऱ्याच अंशी त्याच्याच हातात होते. सावकार मोठ्या पेठेचा रहिवासी, त्याचा वकील ठरलेला, कोर्टातला कारकून ओळखीचा. कुणब्याने जायचे म्हणजे पायी, पेरणी किंवा मळणी सोडून, भाकरी बांधून. तारीख पडली की पुन्हा तेच.

आणि जाऊन तरी करायचे काय? खतावरची निशाणी खोटी म्हणता येत नव्हती, कारण ती खरीच होती. खोटे असे ते त्या निशाणीच्या आधीचे आणि नंतरचे. हातात पन्नास मिळाले आणि खतावर शंभर लिहिले, हे सिद्ध करायला साक्षीदार नाही. गेल्या सुगीला दोन खंडी ज्वारी सावकाराच्या अंबारात टाकली, त्याची पावती नाही. कोर्ट खत बघे, व्याजाचा दर बघे आणि हिशेब करी. हजर राहून हरायचे आणि वर कोर्टखर्च भरायचा, त्यापेक्षा गैरहजर राहून हरलेले बरे, असे शेतकऱ्याला वाटे. या वाटण्यात अडाणीपणापेक्षा अनुभव जास्त होता.

पेशवाईत हे असे नव्हते. तेव्हा सर्व काही न्याय्य होते असे म्हणायचे कारण नाही. सावकाराचा तगादा, दारात धरणे धरून बसणे, शिपाई बसवणे हे सगळे होतेच. पण तंटा पंचायतीपुढे गेला तर दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे हे पंच आम्हाला मान्य, हे दोघांनीही आधी सांगायचे. निवाडा करणारे कोण आणि कुठे बसणार, यात कुळाचाही शब्द असे. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखले जाणारे नियम आले, मुनसफांची कोर्टे आली आणि सावकाराला प्रथमच असे यंत्र मिळाले की ज्याचा हुकूम गावकीच्या मताची पर्वा न करता अमलात येई. मराठी मुलखातल्या कर्जाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

त्यात १८५९ चाच मुदतीचा कायदा येऊन मिळाला. साध्या, नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बुडे. हेतू चांगला होता: जुनी, शिळी देणी उकरून काढता येऊ नयेत. घडले ते उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार दारात उभा: दावा लावू, की नवे खत देतोस? नव्या खतात जुने मुद्दल, त्यावरचे व्याज आणि दंड असे सगळे मिळून नवे मुद्दल होई. दर तीन वर्षांनी हे घडे. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेली मुदत सावकाराच्या हातातले हत्यार झाली ती अशी.

इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात आणखी एका कारणाने कोरलेले आहे. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी ज्या पद्धतीने पुढे सर्वत्र झाली, तिची सुरुवात इथेच झाली. आधी प्रिंगल यांची आकारणी झाली होती; ती इतकी जड ठरली की शेते ओसाड पडू लागली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नवी मोजणी केली, जमिनीची प्रत आण्यांत ठरवली, आकार उतरवला आणि तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली. पडीक पुन्हा वाहिताखाली आली. पण तीस वर्षे संपतातच. १८६६-६७ मध्ये हमी सरली तेव्हा फेरमोजणीही सर्वांत आधी इंदापुरातच आली. ज्या वर्षांच्या भावांकडे बघून नवा आकार ठरला, ती वर्षे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने आलेल्या कापसाच्या तेजीची होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, तेजी ओसरली आणि वाढीव सारा मात्र राहिला. १८५० च्या दशकाच्या अखेरीस दिक्सळपर्यंत आणि पुढे सोलापूरकडे आगगाडी धावू लागली होती. तिच्याबरोबर पैसा आला, व्यापारी आले आणि उधारीही आली. सारा भरायला पैसे हवेत, ते सावकाराकडून. सावकार म्हणतो खत दे. १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई सरकारने साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातली: तालुक्याला ३३ टक्के, एखाद्या गावाला ६६, एखाद्या खातेदाराला १०० टक्क्यांहून जास्त वाढ नको. ही मर्यादाच वाढ किती होत होती ते सांगते. आणि ती आली तोवर खते लिहून झाली होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या वसुलीसाठी देशमुखांचा वाडा पाडायला घेतला. देशमुखी घराण्याचा वाडा एवढ्या रकमेपायी उतरवला जातो, हे गावाने पाहिले. गावकऱ्यांनी बाहेरून आलेल्या सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची शेते कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. बहिष्काराची पत्रे गावोगाव फिरली.

१२ मे १८७५ ला सुप्याचा बाजार होता. सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतल्या पुणे, सुपे, इंदापूर, चाकण या चौकडीतले गाव. तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामती तालुक्यात. आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. दुकाने फुटली, धान्य-कापड लुटले गेले, पण माणसे शोधत होती ती वह्या आणि खते. मिळाली ती जाळली. एका दिवसाच्या आत केडगावच्या एका मोठ्या सावकाराच्या घराला आग लागली. तिथून लोण इंदापूर-पुरंदरकडे, शिरूरकडे आणि मग नगर जिल्ह्यात गेले. तीसहून अधिक गावांत दंगे झाले. जिथे सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली, तिथे त्याच्या केसाला धक्का लागला नाही; अंगावर हात टाकल्याच्या घटना इतक्या मोठ्या उठावाच्या मानाने फारच थोड्या होत्या. लोकांना सावकाराचे रक्त नको होते. त्यांना पुरावा नष्ट करायचा होता. ज्या कोर्टात आपला आवाज पोचत नाही तिथे जो कागद बोलतो, तो कागदच उरू द्यायचा नाही. १८७५ चा दंगा समजून घ्यायला यापेक्षा वेगळी किल्ली लागत नाही.

पोलिसांबरोबर लष्करही आले. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२ असे एकूण ९५१ जण पकडले गेले. त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. साक्षीला पुढे यायला गावे तयार नव्हती.

मग चौकशी आयोग नेमला गेला. त्याने गावोगाव जाऊन सावकारांच्या वह्या, कोर्टाचे दप्तर, शेतकऱ्यांचे जबाब तपासले आणि १८७६ मध्ये अहवाल दिला. आयोगात ऑकलंड कॉल्विन हे गृहस्थ होते. त्यांनी वेगळे टिपण लिहून साऱ्याच्या वाढीवर बोट ठेवले. सरकारला ते फारसे रुचण्यासारखे नव्हते. मुख्य अहवालाचा रोख कर्जावर आणि कर्ज वसूल करून देणाऱ्या न्यायपद्धतीवर राहिला. यात सरकारची सोय होती हे उघड आहे, तरीही न्यायपद्धतीबद्दल आयोगाने जे नोंदवले ते खरे होते: दाव्यांमागून दावे एकतर्फी निकाली निघत होते, समन्स खरोखर बजावले गेले की नाही हे कोणी विचारत नव्हते, आणि हुकूमनामा हाती आल्यावर सावकार तो लगेच बजावत नसे. दिवाणी तुरुंगाची आणि जप्तीची धमकी देत तो कुळाकडून राबणूक, धान्य आणि नवी खते काढत राही.

अहवाल येतो तोच १८७६-७७ चा दुष्काळ आला. सोलापूर, इंदापूर, भीमथडी हा पट्टा होरपळला. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या माणसाला खत आठवायला सवड नव्हती. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांचे बंड सुरू झाले. सावकारांची घरे लुटणे आणि खते जाळणे हे त्यातही होतेच. सिमल्याच्या कौन्सिलात थिओडोर होप यांनी उन्हाळ्यात विधेयक मांडले, ऑक्टोबरच्या अखेरीस ते मंजूर झाले आणि १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो कायदा लागू झाला. १८७९ चा १७ वा कायदा, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा.

या कायद्याचे ११ वे कलम लहानसे आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते क्वचितच येते. त्याने म्हटले ते एवढेच: कर्जाऊ पैशाचा, उधारीचा किंवा अशा देण्याचा दावा असेल आणि प्रतिवादी शेतकरी असेल, तर तो दावा प्रतिवादी जिथे राहतो त्या हद्दीतल्या कोर्टातच लावायचा आणि तिथेच चालवायचा, दुसरीकडे नाही. अनेक शेतकरी प्रतिवादी असतील तर त्यांतल्या कोणा एकाच्या राहत्या हद्दीत. फिर्यादीच्या दोन दारांतले एक दार बंद झाले. खत कुठेही लिहिलेले असो, फेडीची जागा कोणतीही घातलेली असो, पळसदेवच्या माणसावरचा दावा त्याच्याच हद्दीतल्या कोर्टात यायचा.

खरे वैशिष्ट्य त्याच्या पुढे आहे. दावा जवळ आणला तरी प्रतिवादी बोलणार नाही, हे कायदा करणाऱ्यांना आयोगाच्या कागदांवरून कळले होते. म्हणून सातव्या कलमाने कोर्टावरच बंधन घातले की प्रतिवादीची साक्ष घ्या. गरज नाही असे वाटले तर कारण लिहून ठेवा. बाराव्या कलमाने सांगितले की रकमेबद्दल वाद असेल तर व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास तपासा, शेवटच्या खतावर थांबू नका. आणि प्रतिवादीने रक्कम कबूल केली तर? तरीही कोर्ट सुटत नाही. ही कबुली खरी आहे आणि सावकाराविरुद्धचे आपले हक्क पूर्णपणे जाणून त्याने ती दिली आहे अशी खात्री पटली आणि तसे कारणांसह लिहिले, तरच पुढची चौकशी टळायची. तेराव्या कलमाने मधली सगळी नवी खते, हिशेब चुकता झाल्याच्या कबुल्या बाजूला सारून मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायला लावले, चक्रवाढ बंद. एकविसाव्या कलमाने देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबवले. बाविसाव्याने, खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्तीतून वाचवली. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात वकिलाला परवानगीशिवाय मज्जाव केला. सावकाराला पावत्या देणे आणि वर्षाचा हिशेब देणे भाग पाडले. खताची मुदत तीनऐवजी सहा वर्षे आणि नोंदणी केलेल्या खताची बारा वर्षे केली, म्हणजे दर तीन वर्षांनी खत बदलण्याचे निमित्तच गेले.

बाकीच्या जगात या प्रश्नाकडे कसे बघतात हे शेजारी ठेवले की त्या कायद्याचे वेगळेपण दिसते. अमेरिकेत १७८९ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यापासून परराज्यातल्या प्रतिवादीला एक हक्क आहे: आपल्यावरचा दावा राज्याच्या कोर्टातून काढून संघराज्याच्या कोर्टात न्यायचा. स्थानिक कोर्ट स्थानिक फिर्यादीला झुकते माप देईल ही त्यामागची भीती. पण तो हक्क नाजूक आहे. मूळ कायद्यात राज्याच्या कोर्टात हजर होताना त्याच क्षणी अर्ज करावा लागे. आता समन्स बजावल्यापासून तीस दिवस मिळतात. तीस दिवस गेले की हक्क गेला. प्रतिवादीने राज्याच्या कोर्टातच दाव्याच्या गुणदोषांवर लढायला सुरुवात केली, स्वतःसाठी निकाल मागितला, तरीही गेला, कारण त्याने ते कोर्ट पत्करले असे धरतात. दिवस मोजायचे कुठून यावरही तिथे भांडणे झाली. १९९९ मध्ये मर्फी ब्रदर्स विरुद्ध मिचेटी या खटल्यात प्रश्न असा होता की फॅक्सने दाव्याची प्रत आली ती तारीख धरायची की रीतसर समन्स बजावले ती. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, रीतसर बजावणीची. कारण कोर्टाने बोलावल्याशिवाय माणूस पक्षकार होत नाही.

अमेरिकेतला प्रतिवादी स्थानिक कोर्टापासून लांब जाऊ बघतो. इंदापूरचा प्रतिवादी स्थानिक कोर्टाजवळ येऊ बघत होता. दिशा उलट असली तरी भीती एकच: समोरच्याने आपल्या सोयीचे मैदान निवडलेले आहे. फरक पडतो तो हक्क राखण्याची जबाबदारी कोणावर यात. अमेरिकेत ती पूर्णपणे प्रतिवादीवर आहे. त्याने वेळेत बोलायचे, बरोबर कागद लावायचा, आणि तोवर दुसरे काही बोलायचे नाही. ज्याच्याकडे वकील आहे त्याला हे जमते. १८७९ च्या कायद्याने मात्र हे ओळखले की दख्खनच्या शेतकऱ्याचे मौन ही संमती नाही. ते मौन दारिद्र्याचे, अंतराचे आणि अक्षरशून्यतेचे आहे. म्हणून प्रतिवादी गप्प राहिला तरी त्याचा हक्क गळून पडू नये अशी रचना केली आणि तो सांभाळायचे काम न्यायाधीशाकडे दिले. दिवाणी कायद्याच्या रूढ कल्पनेला हे सोडून होते. तेव्हाच्या कित्येक वकिलांना आणि न्यायाधीशांनाही ते पटले नाही. पण इथल्या परिस्थितीत तेच न्यायाचे होते.

कागदावरचे कलम कोर्टात उतरते की नाही हे बघायलाही माणूस लागतो. या दाव्यांत अपील ठेवलेले नव्हते. त्याऐवजी खास न्यायाधीश आणि त्यांचे सहायक नेमले. त्यांनी तालुक्यातालुक्यांत फिरून सबजज्जांचे दप्तर तपासायचे, न्याय चुकला असे दिसले तर दुरुस्त करायचे. सहायक म्हणून महादेव गोविंद रानडे आले. फडक्यांच्या बंडाच्या काळात सरकारच्या संशयाची छाया ज्यांच्यावर पडली होती आणि ज्यांची बदली धुळ्याला झाली होती, तेच रानडे काही वर्षांत या कायद्याची अंमलबजावणी तपासत पुणे, सातारा, नगर, सोलापूर हिंडू लागले. १८८७ मध्ये ते खास न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाईपर्यंत हे काम त्यांच्याकडे राहिले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या फिरतीचे दिवस आहेत. एका तालुक्यातून दुसऱ्यात जाणारा, मुक्काम ठोकून दाव्यांचे कागद चाळणारा न्यायाधीश हे दृश्य त्याआधी या मुलखाने पाहिले नव्हते. रानड्यांना शेतीच्या कर्जाचा प्रश्न सार्वजनिक सभेच्या दिवसांपासून ठाऊक होता. नुसत्या कोर्टाच्या सुधारणेने तो सुटणार नाही, स्वस्त पतपुरवठा हवा, हे त्यांना आणि सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनाही दिसत होते. वेडरबर्न यांची पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मुंबई आणि कलकत्त्याहून पुढे सरकली आणि लंडनला जाऊन अडकली. ती तिथे अडली नसती तर या कायद्याची पुढची कहाणी निराळी झाली असती.

कारण त्रुटी लवकरच दिसू लागल्या. गावचे सलोखेकार नेमले होते. त्यांच्या दाखल्याशिवाय शेतकऱ्यावर दावाच लावता येत नसे. काही ठिकाणी त्यांनी खरोखर तंटे मिटवले. काही ठिकाणी ते सावकाराच्या ओसरीवर बसूनच कबुलायती लिहू लागले, आणि अशी कबुलायत कोर्टात दाखल झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येई. बाराव्या कलमाने पुढच्या दाराने अडवलेले मागच्या दाराने आत आले. सावकारांनी गहाणखत सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली: कागदावर विक्री, तोंडी शब्द असा की पैसे फेडलेस की जमीन परत. दावाच लावायचा नसला तर दावा कुठे लावायचा हा प्रश्नच उरत नाही. शेवटी १०-अ हे कलम घालून, कागद विक्रीचा असला तरी व्यवहार खरा कसला होता याचा तोंडी पुरावा घ्यायची मुभा कोर्टांना द्यावी लागली.

सर्वांत जास्त भांडण झाले ते ‘शेतकरी’ कोणाला म्हणायचे यावर, कारण सगळे संरक्षण त्या एका ओळखीवर टांगलेले होते. कायद्याची व्याख्या अशी की ज्याची उपजीविका पूर्णपणे किंवा मुख्यतः या जिल्ह्यांतल्या शेतीवर चालते, स्वतः कसून, गड्यांकडून किंवा कुळांकडून, किंवा जो स्वतः शेतात राबतो, तो शेतकरी. म्हातारपणाने किंवा आजाराने हात थांबले तरी तो शेतकरीच. दुष्काळात काही दिवस मुंबईला गेला म्हणून त्याची ओळख जात नाही, जर परत येण्याचा इरादा असेल. पण गावी थोडी जमीन असलेला आणि व्यापारावर जगणारा माणूसही मी शेतकरी म्हणून पुढे येऊ लागला, आणि खुद्द सावकारही, ज्यांच्या नावावर आता कुळांच्याच जमिनी चढल्या होत्या. मिळकत किती शेतीची आणि किती इतर, याचे हिशेब कोर्टात मांडले जाऊ लागले. ज्याला तो हिशेब मांडता आला नाही तो शेतकरी ठरला नाही, आणि मग ११ व्या कलमापासून २२ व्यापर्यंत सगळेच त्याच्या हातून सुटले. प्रतिवादीने हक्क गमावण्याची ही वाट कायद्यानेच उघडी ठेवली होती आणि ती सर्वांत रुंद ठरली.

कायद्याचा मोठा भाग पुढे मुंबई इलाख्याच्या इतर जिल्ह्यांतही लागू झाला. त्याच्या बाहेरच्या माणसांसाठी मात्र रीत वेगळी होती आणि ती आजही चालू आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे २१ वे कलम म्हणते: दावा चुकीच्या ठिकाणी लावला असा आक्षेप असेल तर तो पहिल्या कोर्टात, मिळेल त्या पहिल्या संधीला, मुद्दे काढण्यापूर्वी घ्या. तेव्हा घेतला नाही तर अपिलात ऐकला जाणार नाही; घेतला असला तरी त्या चुकीने न्यायहानी झाली हे दाखवावे लागेल. त्याच्या शेजारचे २२ वे कलम दोन-तीन कोर्टांपैकी कुठेही लावता येणारा दावा दुसरीकडे हलवण्याची मुभा प्रतिवादीला देते, पण तीही मुद्दे निघेपर्यंतच. १९९६ च्या लवाद कायद्याचे आठवे कलमही त्याच जातीचे: करारात लवादाची अट असेल तर प्रतिवादीने गुणदोषांवरचे पहिले लेखी म्हणणे देण्याआधी किंवा फार तर देतानाच ते सांगितले पाहिजे. हे नियम तर्काला धरून आहेत. वर्षानुवर्षे लढून हरल्यावर कोणी म्हणू नये की कोर्टच चुकीचे होते. पण हे नियम ज्याच्यासाठी लिहिले आहेत तो प्रतिवादी समन्स वाचू शकतो, वकील गाठू शकतो आणि कैफियत भरण्याआधी विचार करू शकतो. इंदापूरच्या कर्जदाराबद्दल १८७९ मध्ये असे कोणी गृहीत धरले नव्हते. पुढच्या संहितेने ते सर्वांबद्दल गृहीत धरले.

त्या खास कायद्याचा शेवट स्वातंत्र्याच्या सुमारास झाला. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने शेतकरी ऋणकोंसाठी नवा कायदा केला आणि १९४७ मध्ये त्याची जागा घेणारा दुसरा. या नव्या रचनेत जुन्या कायद्याचे वकिली बारकावे मागे पडले. आता ऋणको किंवा धनको यांपैकी कोणी तरी ठरलेल्या मुदतीत कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाने कर्ज तपासून, ऐपतीप्रमाणे कमी करून हप्ते बांधून द्यायचे. आणि १९४७ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने मुदतीत ज्या कर्जाबद्दल कोणीच अर्ज केला नाही, ते कर्ज नाहीसे झाले असे ठरवले. सत्तर वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात माणसांनी जे आगीने करू पाहिले होते, ते आता धनकोच्या गप्प बसण्याने कायदेशीरपणे होऊ लागले. वेळेत न बोलण्याची किंमत या मुलखात सावकाराच्या बाजूला लावली गेली. वह्या काढून, धूळ झटकून, अर्ज लिहून घेण्यासाठी आता वकिलाकडे धावायची पाळी त्याची होती.